उसाचा पेला जातो कुठं?

दोस्तांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालू?

उसाच्या फडात माझं आजोळ,
दह्याच्या आंबटाशी माझं नातं,
काचेसारखा दिसतो, पण पडलो तर फुटत नाही,
वाफाळता चहा ओता, लगेच अंग टाकतो!
ओळखा पाहू, मी कोण?

नाही ना जमलं? उत्तर आहे बायोप्लॅस्टिकचा पेला. म्हणजे खनिज तेलापासून न बनवता, ऊस, मका यांसारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचा.

आता अशी कल्पना करा. तुमच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली आहे. थंडीचे दिवस, ताज्या स्ट्रॉबेरी आणि वर घट्ट क्रीम! ज्या पारदर्शक पेल्यात ते मिळालं त्याच्या बुडाशी हिरव्या पानाचं चित्र आहे. शेजारी लिहिलंय, 'वनस्पतीपासून तयार केलेला'. तुमचा एक मित्र म्हणतो, "अरे, हा मातीत विरघळतो. टाक की झाडीत!" दुसरी मैत्रीण म्हणते, "थांब! प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच."

कोण बरोबर? खरं सांगायचं तर दोघंही थोडे बरोबर आणि दोघंही थोडे चूक! कसं ते पाहायला आपण या पेल्याच्या मागोमाग जाऊ. आधी त्याच्या जन्मगावी आणि मग त्याच्या शेवटाकडे.

दही आणि पेला

कराड, वाळवा, मिरज या भागांतून जाताना दोन्ही बाजूंना काय दिसतं? ऊसच ऊस! सातारा आणि सांगली हे साखर कारखान्यांचे जिल्हे. उसात साखर असते, आणि साखर म्हणजे जिवाणूंची मेजवानी.

रात्री आई दुधाला विरजण लावते. सकाळी दही तयार. हे काम करतात ते लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू. दुधातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून दही आंबट लागतं. कारखान्यात दुधाऐवजी उसाची किंवा मक्याची साखर वापरून मोठमोठ्या टाक्यांत असंच विरजण लावतात. निघालेलं लॅक्टिक आम्ल शुद्ध करतात आणि त्याचे रेणू मण्यांसारखे एकापुढे एक ओवत जातात. त्या लांबच लांब माळेचं नाव पॉलिलॅक्टिक आम्ल, थोडक्यात पीएलए. आपला पेला पीएलएचा आहे.

हे काही दूरदेशीचं राहिलेलं नाही बरं का! साताऱ्याहून नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. तिथं जेजुरीला प्राज इंडस्ट्रीज या कंपनीनं असं प्लॅस्टिक बनवून दाखवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यात तर एका साखर कंपनीच्या मोठ्या पीएलए कारखान्याची २०२५ मध्ये पायाभरणी झाली. म्हणजे उद्या आपल्याकडच्या उसालाही साखर, गूळ, इथेनॉल यांच्या जोडीला प्लॅस्टिक ही चौथी वाट मिळू शकते.

आणि गंमत ऐका. वनस्पतींपासून प्लॅस्टिक ही कल्पना अजिबात नवी नाही. एकोणिसाव्या शतकातलं सेल्युलॉइड कापसातल्या सेल्युलोजपासून आणि कापरापासून बनायचं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चित्रित केला तो सेल्युलॉइडच्या फितीवरच! पुढे १९२६ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस लमोआन्य या शास्त्रज्ञाला असं दिसलं, की काही जिवाणू आपल्या पोटात चक्क प्लॅस्टिकचे कण साठवतात. आपण जशी अंगात चरबी साठवतो, तशी. त्या पदार्थाला पीएचबी म्हणतात. मग स्वस्त खनिज तेल आलं, आणि हे सगळं मागं पडलं.

एका नावाचे दोन अर्थ

आता नीट लक्ष द्या, कारण सगळा घोटाळा इथंच होतो.

'बायो' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, वस्तू *कशापासून* बनली. दोन, वस्तू *कशात* संपते. या दोन्ही गोष्टी एकच नव्हेत!

ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बनवलं जातं. जन्म उसाचा, पण ते आपल्या नेहमीच्या पिशवीसारखंच पॉलिथिन. रेणू तोच, स्वभाव तोच. मातीत पुरलं तर ते तसंच पडून राहील. उलट पीबीएटी नावाचं एक प्लॅस्टिक बहुतेक वेळा खनिज तेलापासून बनतं, तरीही योग्य जागी सूक्ष्मजीव ते खाऊन संपवतात.

म्हणजे कुणी तुम्हाला 'हे बायो आहे' असं सांगितलं, तर लगेच विचारा, "जन्मानं बायो की शेवटानं?"

पेला निघाला कृष्णेतून

आता आपल्या पेल्याकडे वळू. समजा, तुमच्या मित्रानं तो खरंच झाडीत भिरकावला. पावसाळ्यात ओढ्यानं तो वाहत कृष्णेत आला. धोम धरणात अडकला नाही, वाईचा घाट मागं टाकला, संगम माहुलीला वेण्णा भेटली, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना भेटली, आणि आपला पेला तरंगत सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोचला. एव्हाना तो विरघळला असेल, नाही का?

छे! अजिबात नाही.

पीएलएची माळ तुटायला दोन गोष्टी लागतात, ओल आणि उष्णता. उष्णता थोडीथोडकी नव्हे, साधारण ६० अंश सेल्सिअस. नदीत ओल भरपूर, पण पाणी पेल्याच्या मानानं थंडगार! म्हणून नदीत, समुद्रात किंवा घाटातल्या झाडीत हा पेला वर्षानुवर्षं टिकू शकतो. तुटला तरी त्याचे आधी बारीक बारीक तुकडे होतात. माशाला किंवा गाईला काय ठाऊक, हा तुकडा उसाचा की तेलाचा?

जमिनीवर कचऱ्याच्या डोंगराखाली दबला तर? तिथं हवा नसते. काही जैवप्लॅस्टिकं हवेविना कुजली, तर त्यातून मिथेन वायू निघतो, आणि मिथेन हवेतली उष्णता कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त अडवतो.

मग भंगारवाल्याला दिला तर? इथं वेगळीच पंचाईत. प्लॅस्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. पाण्याच्या बाटलीखाली १ असतो, म्हणजे पीईटी. पीएलएला स्वतःचा आकडाच नाही. तो ७ मध्ये, म्हणजे 'इतर' या गर्दीत बसतो. दोन्ही दिसायला सारखे पारदर्शक. पीईटीच्या ढिगात पीएलए मिसळला, की वितळवून केलेला नवा माल खराब होतो. चांगल्या दुधात लिंबू पडावं, तसं!

तर मग या पेल्याला मोक्ष कुठं? कंपोस्टच्या मोठ्या, तापलेल्या ढिगात. ओला कचरा मोठ्या ढिगात नीट रचला, त्यात हवा खेळती ठेवली, की आतले सूक्ष्मजीव इतके जोरात कामाला लागतात की ढीग आपोआप ६० अंशांपर्यंत तापतो. 'कंपोस्ट होणारं' असा दाखला मिळवायचा, तर अशा ढिगात साधारण सहा महिन्यांत ९० टक्के वस्तू सूक्ष्मजीवांनी संपवावी लागते. आपल्या परसातला खड्डा किंवा गच्चीवरचा कंपोस्टचा डबा इतका सहसा तापत नाही. म्हणून घरच्या खतात टाकलेला पेला पुढच्या दिवाळीला जसाच्या तसा हाती लागला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

जमेची बाजू

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, "म्हणजे सगळी फसवणूकच की!" थांबा. तसं मुळीच नाही.

पहिली जमेची गोष्ट म्हणजे हवा. उसानं आपल्या वाढीत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतलेला असतो. त्याचा पेला शेवटी कुजला, तर तोच कार्बन परत हवेत जातो. खनिज तेलातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला. तो वर काढला, की हवेत नवीच भर पडते. अर्थात खत, वीज, ट्रॅक्टरचं डिझेल यांचा हिशेब उसालाही चुकत नाही.

दुसरी गोष्ट पाहायला मिरजेला चला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तुमच्यापैकी कुणाला 'विरघळणारे टाके' पडले आहेत का? लॅक्टिक आम्ल आणि त्याचं भावंड ग्लायकोलिक आम्ल यांच्या माळांपासून असे धागे बनवतात. त्यात ग्लायकोलिक आम्लाचा वाटा मोठा ठेवला, की तो धागा काही आठवड्यांत अंगातच विरून जातो. टाके काढायला पुन्हा जायला नको!

तिसरी गोष्ट पुन्हा महाबळेश्वरच्या शेतात. स्ट्रॉबेरीची लागण होते तेव्हा गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरतात. शेतकरी त्याला मल्चिंग पेपर म्हणतात. तण उगवत नाही, ओल टिकते, आणि फळ मातीला टेकत नाही म्हणून स्वच्छ राहतं. हंगाम संपला, की हा कागद फाटतो, मातीत अडकतो, गोळा करताना कंबर मोडते. पेटवून द्यावा तर विषारी धूर! इथं मातीतच कुजणारा मल्चिंग पेपर खरोखर उपयोगी पडू शकतो. युरोपात त्यासाठी २०१८ पासून एक कसोटी ठरलेली आहे. दोन वर्षांच्या आत ९० टक्के कागद मातीतल्या सूक्ष्मजीवांनी संपवला पाहिजे. अडचण एकच, असा कागद साध्या कागदापेक्षा महाग पडतो.

पाहिलंत? टाके काय, मल्चिंग पेपर काय, या वस्तू जिथं वापरल्या तिथंच संपायला हव्या असतात. त्या गोळा करणं अवघड किंवा अशक्य असतं. अशा जागी जैवप्लॅस्टिक खरा मित्र आहे.

खर्चाची बाजू

आता जरा वही-पेन्सिल घ्या. एक गणित करू.

रसायनशास्त्राच्या हिशेबानं १ किलो पीएलएला कमीत कमी सव्वा किलो साखर लागते. आपला पेला धरू १० ग्रॅमचा. म्हणजे साखर लागली साडेबारा ग्रॅम, दोन-तीन चमचे. एवढंच? पण थांबा. महाराष्ट्रात १ किलो साखरेमागं उसाला सुमारे दोन हजार लिटर पाणी लागतं, असा कृषी मूल्य आयोगाचा हिशेब आहे. आता गुणाकार करा.

आलं उत्तर? २५ लिटर! एका पेल्याला जवळजवळ दोन बादल्या पाणी. आणि तो पेला तुम्ही वापरलात किती वेळ? दहा मिनिटं.

सांगली जिल्ह्यात हे गणित फार जवळचं आहे. पश्चिमेला कृष्णाकाठ हिरवागार, ऊसच ऊस. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे कायमचे दुष्काळी तालुके. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर उचलून जतच्या बाजूला न्यावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी पाठवलं होतं. पहिल्या गाडीत होतं साधारण पाच लाख लिटर. आपल्या गणितानं पाच लाख लिटर म्हणजे किती पेले? भागून पाहा. फक्त वीस हजार!

अर्थात, गणित इथंच संपत नाही. पेल्यासाठी मुद्दाम नवा ऊस लावला तर हा सगळा खर्च पेल्याच्या नावावर पडतो. पण साखर काढून उरलेल्या मळीचा किंवा चिपाडांचा उपयोग केला, तर तोच खर्च वाटला जातो. चिपाडांच्या लगद्याच्या ताटल्या बाजारात मिळतातच. त्या प्लॅस्टिक नव्हेत, दाबून घडवलेला लगदा. म्हणून 'ऊस वापरला' एवढं कळून भागत नाही. उसातला कोणता भाग, हेही विचारायला हवं.

आणखी एक छोटीशी गोष्ट. सांगलीचं भडंग तुम्हाला आवडतं ना? ते कुरकुरीत राहतं, कारण साधी प्लॅस्टिकची पिशवी दमट हवा आत येऊ देत नाही. पीएलएची पिशवी त्या मानानं जास्त ओल आत सोडते. भडंग लवकर सादळेल! म्हणजे जैवप्लॅस्टिक प्रत्येक जागी चालतंच असं नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आहे. २०२२ च्या अखेरीस राज्यानं नियमात थोडा बदल केला, आणि कंपोस्ट होणाऱ्या पदार्थांपासून बनवलेल्या पेले, ताटल्या, स्ट्रॉ अशा वस्तूंना वाट मोकळी केली. पण अट आहे. त्याला अधिकृत प्रमाणपत्र हवं. नुसतं हिरवं पान छापून भागत नाही.

आणि कायदा एक गोष्ट करू शकत नाही. तो आपल्या हातातला पेला उचलून योग्य ढिगात नेऊन टाकू शकत नाही. तापलेले ढीग लावायची विद्या आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? साखर कारखान्यांतल्या मळीच्या गाळाचं खत अशाच मोठ्या ढिगांतून तयार करतात. कमी पडते ती मधली साखळी. पेला वेगळा ओळखायचा, वेगळा गोळा करायचा आणि अशा ढिगापर्यंत पोचवायचा. ही साखळी जिथं नाही, तिथं 'कंपोस्ट होणारा' पेला म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. लिहिलं छान, पण पोचणार कुठं?

मग आपण काय करायचं?

सहलीतल्या त्या भांडणाचा निकाल आता तुम्हीच लावू शकता. मित्र म्हणाला, 'मातीत विरघळतो.' विरघळतो, पण झाडीत नव्हे. मैत्रीण म्हणाली, 'प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच.' झाडीत आणि नदीत ते खरं, पण मिरजेच्या ऑपरेशन थिएटरात नव्हे.

यापुढे अशी वस्तू हातात आली, की तिला तीन प्रश्न विचारा.

१. तू आलीस कशातून? मुद्दाम लावलेल्या पिकातून, की वाया जाणाऱ्या भागातून?

२. तू संपणार कुठं? ती जागा माझ्या गावात आहे का?

३. मी तुला किती वेळा वापरणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'एकदाच' असेल, तर पहिल्या दोन उत्तरांची चमक बरीच उतरते. आपल्याकडे यावर जुने, साधे उपाय आहेतच की! घरचा स्टीलचा पेला शेकडो वेळा धुऊन वापरता येतो. गावच्या जेवणावळीत पळसाच्या पानांची पत्रावळ असायची. ती शेवटी उकिरड्यावरच जायची आणि तिथं खरोखर खत व्हायची. तिला ६० अंशांची वाट पाहावी लागत नसे.

पुढच्या सहलीला वर्गातल्या प्रत्येकानं दप्तरात एक पेला न्यायचा, एवढं ठरवून तर पाहा. चाळीस जणांचा वर्ग असेल, तर आपल्या गणितानं चाळीस पेल्यांचं एक हजार लिटर पाणी वाचलं. आणि कासच्या पठारावरची फुलं तुमच्या मागं कचरा न ठेवता तशीच डोलत राहिली, हे वेगळंच!

करून पाहा: घरचं जैवप्लॅस्टिक

(मोठ्या माणसाला जवळ बसवूनच करा.)

साहित्य: कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, पाणी ४ मोठे चमचे, व्हिनेगर १ लहान चमचा, ग्लिसरीन १ लहान चमचा (औषधाच्या दुकानात मिळतं).

सगळं एका जुन्या पातेल्यात कालवा. अगदी मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. गुठळी होऊ देऊ नका. मिश्रण दाट आणि थोडं पारदर्शक झालं, की आच बंद करा. ते ताटलीत पातळ पसरा आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. वाकवता येणारा पापुद्रा तयार होईल.

आता त्याचे तीन तुकडे करा. एक कोरड्या डब्यात ठेवा. दुसरा वाटीभर पाण्यात टाका. तिसरा कुंडीतल्या ओल्या मातीत पुरा, आणि त्याच्या शेजारी साध्या पिशवीचा तेवढाच तुकडा पुरा. दोन्हींच्या जागी काड्या खोचून खूण करा.

तीन दिवसांनी, आठ दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी पाहा. काय दिसतं, ते तारीख घालून वहीत लिहा. एक मात्र लक्षात ठेवा. तुमचा पापुद्रा स्टार्चचा आहे, आपल्या कोड्यातला पेला पीएलएचा. दोघांच्याही नावात 'बायो' आहे, पण दोघांचा शेवट एकाच ठिकाणी होत नाही. तो पेलाही मिळाला, तर त्याचा एक तुकडा त्याच कुंडीत पुरा आणि पुढच्या वर्षी उकरून पाहा.